व्हॅक्यूम बॅग प्रक्रियेतील पोकळी-नियंत्रण

काच किंवा कार्बन तंतूंचे रेझीनयुक्त थर साच्यावर रचून त्यांवर नायलॉन फिल्मची पिशवी सीलंट टेपने चिकटवतात आणि पंपाने आतली हवा उपसतात. बाहेरच्या वातावरणाच्या दाबाखाली थर आवळले जातात व त्याच स्थितीत रेझीन क्युअर होते, म्हणजे कडक बनते. क्युअर झालेल्या लॅमिनेटमध्ये अडकून राहिलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांना पोकळ्या म्हणतात.

परिणाम : पोकळ्यांमुळे मुख्यतः रेझीनवर अवलंबून असलेले गुणधर्म खालावतात. संशोधक जड आणि राइट यांच्या १९७८ मधील आढाव्यानुसार पोकळ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्के होईपर्यंत दर टक्क्यामागे थरांमधील कर्तनसामर्थ्य सुमारे ७ टक्क्यांनी घटते. तंतूंच्या दिशेतील ताणसामर्थ्य त्या मानाने कमी घटते. थकव्यावरील परिणामाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. विमानाच्या मुख्य भागांसाठी साधारणपणे १ टक्क्याची मर्यादा पाळतात.

कारणे : थर रचताना अडकलेली हवा, रेझीनमध्ये मुरलेली आर्द्रता आणि बाष्पनशील द्रव्ये ही प्रमुख कारणे आहेत. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबयुक्त भट्टीत) ६–७ बार दाबाने बुडबुडे चिरडता येतात किंवा रेझीनमध्ये विरघळवता येतात. पिशवीला मात्र जेमतेम एक वातावरण दाब मिळतो. त्यामुळे हवा बाहेर काढणे आणि आर्द्रता आत येऊ न देणे हेच इथले खरे उपाय ठरतात.

आर्द्रता : या विषयाचा पाया कार्डोस, दुदुकोविच व दवे यांच्या १९८६ मधील प्रतिमानाने घातला. तापमान वाढले की रेझीनमधल्या पाण्याचा बाष्पदाब वाढतो. तो रेझीनच्या दाबापेक्षा अधिक झाला तर बुडबुडा फुगतो. या प्रतिमानानुसार ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवलेल्या प्रीप्रेगला (आधीच रेझीन भरलेल्या तंतूंच्या थराला) १२० अंश सेल्सिअसला सुमारे ९९ किलोपास्कल दाब लागतो. समुद्रसपाटीवर पिशवी फार तर १०१ किलोपास्कल देते. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ९५, तर सुमारे ९२० मीटरवरच्या बंगळूरला ९१. तेच प्रीप्रेग ३० टक्के आर्द्रतेत ठेवले असेल तर ५९ किलोपास्कल पुरतात. म्हणून थर रचण्याची खोली कोरडी राखणे हा पंपाइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि कोकण किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात तर तो टाळताच येत नाही. शीतगृहातून काढलेले प्रीप्रेग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद वेष्टनातच ठेवावे लागते. आधी उघडल्यास त्यावर दव धरते. आधी कमी तापमानाला क्युअर करून भाग साच्याबाहेर काढतात व नंतर जास्त तापमानाला पोस्ट-क्युअर करतात, त्याचेही एक कारण तापमानाबरोबर वाढणारा हा बाष्पदाब आहे.

रेझीनचा दाब : पिशवीवरचा सगळा दाब रेझीनला मिळत नाही. ब्लीडर कापडात रेझीन जास्त शोषले गेले की भार तंतूंवर जातो, रेझीनचा दाब उतरतो आणि पोकळ्या वाढतात. त्यामुळे व्हॅक्यूम बॅगसाठी बनवलेल्या प्रीप्रेगमधून सहसा रेझीन निथळू देत नाहीत.

हवा काढणे : अशा प्रीप्रेगमध्ये तंतू मुद्दाम अर्धवट भिजवलेले असतात. कोरड्या भागांतून हवा कडेकडे सरकते; कडेला लावलेल्या काचतंतूंच्या दोऱ्या तिला हवा वाहून नेणाऱ्या ब्रीदर कापडापर्यंत पोहोचवतात. काही थरांनंतर डीबल्क करणे (निर्वातात थर दाबून घट्ट करणे), तापवण्यापूर्वी दीर्घकाळ निर्वात ठेवणे आणि पंप बंद करून गळती तपासणे हे नेहमीचे टप्पे आहेत. मोठ्या भागांत हवेला कडेपर्यंतचा प्रवास लांब पडतो, त्यामुळे निर्वात ठेवण्याचा काळ वाढवावा लागतो.

इन्फ्युजन : कोरड्या तंतूंत द्रव रेझीन ओढण्याच्या या पद्धतीत रेझीन आधी वायुमुक्त करतात. पॉलिएस्टर वा व्हिनाइल एस्टर असल्यास अति निर्वातात त्यातले स्टायरीन उकळू शकते. निर्वात किती खोल ठेवावा याबाबत वेगवेगळ्या पद्धती रूढ आहेत. विल्यम सीमन यांच्या ‘स्क्रिम्प’ पद्धतीला १९९० मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. बंगळूरच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजने याच वर्गातील ‘व्हेरिटी’ पद्धत विकसित केली.

वापर : लॉकहीड मार्टिनच्या ‘एक्स-५५’ या प्रायोगिक मालवाहू विमानात ऑटोक्लेव्हविना क्युअर केलेले मोठे भाग होते, त्याचे पहिले उड्डाण २ जून २००९ रोजी झाले.

मापन : पोकळ्यांचे प्रमाण छेदाचे सूक्ष्मदर्शन, आम्लाने रेझीन विरघळवणे, अल्ट्रासॉनिक सी-स्कॅन किंवा सूक्ष्म सीटी यांनी तपासतात.