ऑर्बिस पिक्टस

ऑर्बिस पिक्टस : बालशिक्षणासाठी रचलेले यूरोपातील एक युगप्रवर्तक सचित्र पाठ्यपुस्तक. पूर्ण नाव ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस. म्हणजे इंद्रियगोचर सृष्टीचे चित्ररूप. कर्ता मोरेव्हियातील धर्मोपदेशक व शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेनिअस (१५९२–१६७०). तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात (१६१८–४८) त्याला धर्मच्छळामुळे मायदेश सोडावा लागला. हंगेरीतील शारोशपाटोक येथे अध्यापन करीत असताना त्याने हे पुस्तक लिहिले. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे ते लॅटिन व जर्मन भाषांत प्रसिद्ध झाले. चार्ल्स हूल याचे इंग्रजी भाषांतर लगेच १६५९ मध्ये निघाले.

तत्कालीन शाळांत लॅटिन व्याकरण घोकंपट्टीने व छडीच्या धाकाने शिकविले जाई. अर्थ न कळता शब्द पाठ करणाऱ्या मुलाला स्वतःचे असे बोलण्याजोगे काही उरत नसे. कोमेनिअसने हा क्रम उलटा केला : आधी वस्तू, मग तिचे नाव. पुस्तकात दीडशे पाठ असून प्रत्येकाच्या आरंभी काष्ठठशाचे चित्र आहे. चित्रातील वस्तूंना आकडे दिलेले असून तेच आकडे खालील दोन्ही भाषांतील मजकुरात येतात. मातृभाषा जाणणाऱ्या मुलाला त्यामुळे अपरिचित लॅटिन शब्दाचा अर्थ गुरूला न विचारता लावता येई. मुळाक्षरेही प्राण्यांच्या आवाजांवरून दिली आहेत. कावळ्यावरून पहिले अक्षर, कोकरावरून दुसरे. वाचता न येणाऱ्या मुलालाही हे आवाज ठाऊकच असत. शिक्षणाचा प्रारंभ त्याच्या अज्ञानापासून न होता त्याला जे येते त्यापासून होई.

प्रस्तावनेतील सूचना मजकुराइतक्याच महत्त्वाच्या आहेत. शाळेत जाण्यापूर्वीच पुस्तक मुलांच्या हाती द्यावे व त्यांना चित्रांत रमू द्यावे. दाखविता येत नाही ते त्यांनी नावाने सांगू नये आणि नाव सांगता येत नाही ते दाखवू नये. चित्रे हाताने काढून पाहण्यास त्यांना उत्तेजन द्यावे. त्याने लक्ष एकाग्र होते, अवयवांचे प्रमाण कळते आणि हात वळतो. चित्रात न उतरणारे रंग, रुची इ. प्रत्यक्ष वस्तूंवरून दाखवावेत.

पुस्तकाच्या मर्यादाही उघड आहेत. चित्रे लहान व वस्तूंनी गजबजलेली आहेत. आत्म्यासारखा अमूर्त विषय ठिपक्यांच्या मनुष्याकृतीने दाखविण्याची खटपट तर केविलवाणीच वाटते. शिवाय प्रत्येक आकड्याला एकच नाव ठरलेले असल्याने चित्र पाहून मुलाने स्वतः गोष्ट रचावी, अशी सोय त्यात नव्हती. बाझेडोच्या एलेमेंटारवेर्क (१७७४) या सचित्र ग्रंथाचा भरही माहितीवरच होता. इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट (१८४६–८६) याच्या १८७८ पासूनच्या चित्रपुस्तकांत मात्र शब्दांनी न सांगितलेला कथाभाग चित्रे सांगू लागली. तो ओळखून बोलून दाखविण्याचे काम बालवाचकाकडे आले.

तरीही ऑर्बिस पिक्टस दीर्घकाळ वापरात राहिले. जर्मन कवी गटे याने आत्मचरित्रात आपल्या बालपणातील पुस्तकांमध्ये त्याचा उल्लेख केला आहे. १८१० मध्ये न्यूयॉर्क येथेही त्याची आवृत्ती निघाली.