संशोधन-प्रकाशनातील गैरव्यवहार

संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध करताना केलेली लबाडी. दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून छापणे (वाङ्मयचौर्य), निरीक्षणे कल्पनेने रचणे वा हवी तशी फिरविणे, सहभाग नसलेल्यांची नावे लेखक म्हणून घालणे आणि तज्ज्ञांच्या परीक्षणावाचून केवळ शुल्क घेऊन निबंध छापणे, हे तिचे प्रमुख प्रकार होत. शेवटच्या प्रकारच्या नियतकालिकांना जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालाने २०१० मध्ये ‘भक्षक’ या अर्थाची संज्ञा दिली.

भारतात अशा नियतकालिकांना नियमांमुळेच वाव मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली. २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी निबंधांना गुण मिळू लागले. नासिक जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये बहुतांशी पुणे विद्यापीठाशी संलग्न असून तेथील अध्यापकांनाही हे नियम लागू झाले. अध्यापनाचा भार मोठा आणि प्रयोगशाळा व ग्रंथालय यांची सोय बेताची, अशा ठिकाणी संख्येची ही सक्ती अधिकच जाचक ठरते.

आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने तीत आलेल्या ५,६९९ नियतकालिकांपैकी १,३३६ तपासली. अशा, पण सूचीबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये करंट सायन्स मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली व वाङ्मयचौर्यविरोधी नियम केले. त्यांनुसार साठ टक्क्यांहून अधिक उचल आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते; अध्यापकास निबंध मागे घ्यावा लागतो, दोन वार्षिक वेतनवाढी गमवाव्या लागतात व तीन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने २०१९ मध्ये ‘केअर’ ही नवी यादी सिद्ध झाली. तथापि तीतील नियतकालिकांच्याही हुबेहूब बनावट आवृत्त्या निघाल्या. पीएच.डी.साठीची निबंधाची अट २०२२ मध्ये, तर ही यादी २०२५ मध्ये रद्द झाली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता शिक्षणसंस्थांकडे आहे.

खोटा निबंध मागे घेतल्यानंतरही पुढील लेखनात आधार म्हणून उद्धृत होत राहतो. वैद्यकात अशा आधारावर झालेल्या उपचाराची झळ रोग्यास पोहोचते. शिवाय प्रामाणिकपणे वर्षानुवर्षे एकच निबंध सिद्ध करणारा अभ्यासक गुणांच्या हिशेबात मागे पडतो. संख्या हेच योग्यतेचे माप राहिले, तर कोणतीही यादी ही हानी टाळू शकत नाही.