शेवटचा दिवस आणि घरातली मुले



आम्ही लहानपणी खोटे बोललो की आजी म्हणे, "चित्रगुप्त वहीत टिपून ठेवतो बरं." त्या वहीच्या धाकाने आम्ही खरे बोलू लागलो की खोटे लपवण्यात तरबेज झालो, हे आज सांगणे कठीण आहे. शेवटच्या हिशोबाची गोष्ट मुलांना कशी सांगावी, हा प्रश्न धर्माधर्मांत सारखाच आहे. आज आम्ही तो ख्रिस्ती लोकांच्या इतिहासातून, तेही एका घराच्या उंबरठ्यावरून पाहणार आहोत.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे या जगाला शेवट आहे. येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, लहानथोर सर्वांचा न्याय होईल. आणि मग नवे आकाश व नवी पृथ्वी येईल, तेथे मरण नाही की रडणे नाही. पंथापंथांत तपशिलाचे मतभेद पुष्कळ आहेत, पण गोष्टीचे दोन भाग सर्वत्र तेच: आधी न्याय, मग नवे जग. प्रश्न एवढाच, की मुलापुढे कोणता भाग मोठा करायचा?

इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या प्यूरिटन लोकांनी १६३० साली बोस्टन शहर वसवले. हे बोस्टन आपल्याला अगदीच परके नाही. तेथल्याच संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. पण ती पुढची गोष्ट. १६६२ साली मायकेल विगल्सवर्थ या धर्मोपदेशकाने न्यायाच्या दिवसावर २२४ कडव्यांचे काव्य लिहिले. ते घरोघरी गेले, मुलांकडून पाठ करवून घेतले गेले. त्यात जन्मताच मेलेली तान्ही बाळेही न्यायासनापुढे उभी राहतात, आणि नरकातलीच त्यातल्या त्यात सुसह्य जागा त्यांच्या वाट्याला येते!

या आईबापांना आपण निर्दय म्हणू नये. देवी आणि ताप यांनी घरेच्या घरे रिकामी होत. मूल उद्या असेल की नाही याचा भरवसा नव्हता. म्हणून त्याचा आत्मा आजच वाचवावा, ही त्यांची मायाच होती. पण मायेच्या हातात भयाची छडी होती.

बोस्टनचे सॅम्युअल स्यूअल हे असेच एक गृहस्थ. व्यापारी, पुढे न्यायाधीश, चौदा मुलांचे बाप. त्यांतली बरीच बालपणीच गेली. त्यांनी वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिली. जानेवारी १६९० मध्ये ओळखीचा एक नऊ वर्षांचा मुलगा देवीने गेला. स्यूअलांनी आपल्या अकरा वर्षांच्या सॅमला ते सांगितले आणि मरणाची तयारी ठेव म्हणून बजावले. सॅम सफरचंद खात होता. त्याने फारसे मनावर घेतले असे दिसले नाही. पण प्रार्थनेचे पहिले शब्द उच्चारताच तो हमसून हमसून रडू लागला. मला मरणाची भीती वाटते, म्हणाला. बापाने मग त्याला जवळ घेऊन धीराची वचने वाचून दाखवली.

सहा वर्षांनी, जानेवारी १६९६ मध्ये, चौदा वर्षांची मुलगी बेटी जेवणानंतर एकाएकी आक्रोश करू लागली. तिच्याबरोबर सारे घर रडले. खोदून विचारल्यावर तिने सांगितले, की माझ्या पापांची क्षमा झालेली नाही, मी नरकात जाणार. कारण? बापाने घरी वाचलेले एक प्रवचन.

आता याच बापाची दुसरी बाजू पाहा. १६९२ साली सेलम गावच्या चेटकाच्या खटल्यांत हे स्यूअल एक न्यायाधीश होते. एकोणीस माणसे फासावर गेली, एक म्हातारा दगडांखाली चिरडला गेला. सगळी निरपराध. चार वर्षे गेली. डिसेंबर १६९६ मध्ये स्यूअलांची दोन वर्षांची सारा वारली. दुसऱ्या दिवशी सॅमने त्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला काही भाग लॅटिनमधून म्हणून दाखवला. त्यातले सातवे वचन सांगते, की देवाला बळी नको, दया हवी. हे कळले असते तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरवले नसते. ते ऐकताच बापाला सेलम आठवले. १४ जानेवारी १६९७ रोजी भर उपासनामंदिरात ते उभे राहिले आणि धर्मोपदेशकांनी त्यांचा कबुलीजबाब वाचून दाखवला. त्या न्यायाधीशांपैकी उघडपणे दोष पत्करणारे हे एकटेच.

त्याच वर्षी त्यांनी शेवटच्या काळावर पुस्तक लिहिले. त्यात नरकाची आग शोधणाऱ्याला काय सापडते? किनाऱ्यालगतचे एक बेट, तेथले गवत, गुरे, पाखरे, मका. आणि तेथे जन्मणारी माणसे स्वर्गीय वारशाला पात्र होत राहतील ही आशा. १७०० साली त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पत्रक छापले: सारे आदामाचेच वंशज, मग एकाने दुसऱ्याला विकावे कसे?

स्यूअलांच्या मनात भय नव्हते असे आम्ही म्हणत नाही. मुलांच्या मृत्यूंत त्यांना देवाचा कोप दिसत होता. पण त्यांना उभे केले ते दयेच्या वचनाने. कामगार संघटनेत आयुष्य घालवताना आम्हीही हेच पाहिले. भीती घालून आणलेला माणूस सभेला येतो, पण त्याचे डोळे दाराकडे असतात. न्यायाची बाजू पटलेला माणूस संपात चूल विझली तरी जागचा हलत नाही.

पुढे १८४७ साली होरेस बुशनेल या अमेरिकन धर्मोपदेशकानेच लिहिले, की मुलाला आधी पापी ठरवून घाबरवू नका. घरच्या मायेतूनच श्रद्धा त्याच्यात मुरू द्या. आणि मूळ गोष्टीतही त्याला आधार आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या दिवशी राजा विचारतो काय? भुकेल्याला जेवू घातलेस का, परक्याला घरात घेतलेस का, आजाऱ्याला नि कैद्याला भेटलास का?

एवढे तर सहा वर्षांच्या मुलालाही कळते. आणि ते ऐकून ते रात्री रडत उठणार नाही; उलट सकाळी आपली अर्धी भाकरी शेजारच्याला नेऊन देईल. न्यायाच्या दिवसाची याहून चांगली तयारी कोणती?