भिंतीतून निसटणारी ऊब : घराच्या उष्णताक्षयाचा अंदाज कसा बांधावा?

राजधानी दिल्ली आणि परिसरात जानेवारीत रात्रीचे तापमान सामान्यतः ७ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. १ जानेवारी २०२१ रोजी सफदरजंग येथे १.१ अंश इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत हीटर लावूनही खोली उबदार राहत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे. भिंतींतून किती उष्णता बाहेर जाते, याचा ढोबळ अंदाज साध्या गुणाकाराने बांधता येतो.

भिंतीच्या एक चौरस मीटर भागातून, आतील व बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना, जितके वॅट उष्णता वाहते त्यास 'यू-मूल्य' म्हणतात. यू-मूल्य, भिंतीचे क्षेत्रफळ आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार केला की उष्णताक्षय मिळतो. यू-मूल्य काढण्यासाठी प्रत्येक थराची मीटरमधील जाडी त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागावी. या भागाकारांच्या बेरजेत भिंतीलगतच्या हवेच्या थरांचे सुमारे ०.१७ मिळवावेत आणि एकास त्या बेरजेने भागावे.

उदाहरणार्थ, एका खोलीच्या बाहेरील भिंतींचे क्षेत्रफळ, खिडक्या वगळून, २० चौरस मीटर आहे. आत २० अंश आणि बाहेर ७ अंश, म्हणजे फरक १३ अंशांचा आहे. भिंतींना दोन्ही बाजूंनी गिलावा आहे, असे धरल्यास अंदाज पुढीलप्रमाणे येतात :

– साडेचार इंची विटांची भिंत : यू-मूल्य सुमारे २.८, उष्णताक्षय ७३० वॅट
– नऊ इंची विटांची भिंत : यू-मूल्य सुमारे २.०, उष्णताक्षय ५२० वॅट
– २०० मिलिमीटर जाडीच्या हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांची भिंत : यू-मूल्य सुमारे ०.७६, उष्णताक्षय २०० वॅट
– नऊ इंची भिंत व ५० मिलिमीटर थर्माकोलचा थर : यू-मूल्य सुमारे ०.५२, उष्णताक्षय १३५ वॅट

दहा तासांच्या रात्रीत पहिल्या भिंतीतून ७.३ युनिट, तर शेवटच्या भिंतीतून १.३५ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर जाते. राजधानीतील दाट वस्त्यांमध्ये साडेचार इंची भिंती सर्रास आढळतात. त्यामुळे ज्यांना विजेचा खर्च सर्वांत जड जातो, त्यांच्याच घरांतून ऊब सर्वाधिक वेगाने निसटते.

उष्णतारोधक थराची जाडी दुप्पट केल्याने बचत दुप्पट होत नाही, हेही लक्षात घ्यावे. नऊ इंची भिंतीवरील थर्माकोलचे पहिले २५ मिलिमीटर सुमारे ३०० वॅट वाचवतात, तर पुढील २५ मिलिमीटर केवळ ८० वॅट.

एकेरी काचेचे यू-मूल्य ६ च्या जवळपास असते. म्हणजे अवघ्या ४ चौरस मीटर खिडक्यांतून ३०० वॅट उष्णता जाते. छप्पर, तसेच फटींतून शिरणारी हवा यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. विटांची जाड भिंत दिवसाची उष्णता साठवून रात्री सावकाश सोडते. म्हणून एका रात्रीपुरते हे आकडे अंदाजच ठरतात, हंगामाच्या सरासरीसाठी ते अधिक उपयुक्त आहेत.

उन्हाळ्यात हाच प्रवाह उलट दिशेने वाहतो. बाहेर ४३ आणि आत २६ अंश असताना फरक १७ अंशांचा होतो, शिवाय उन्हाने भिंतीचा पृष्ठभाग आणखी तापतो. हिवाळ्यासाठी केलेला खर्च त्यामुळे एअर कंडिशनरच्या बिलातही भरून निघतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' जाहीर केली. दिल्ली ज्या संमिश्र हवामान विभागात मोडते, तेथे छपराचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे आणि छप्पर वगळता उर्वरित बाह्य आवरणातून आत येणारी उष्णता प्रति चौरस मीटर सरासरी १५ वॅटच्या मर्यादेत असावी, असे ही संहिता सांगते.

उष्णता रोखताना हवेची वाट मात्र बंद करू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू साचतो आणि झोपेतच प्राण जाऊ शकतात. भिंत जितकी उष्णतारोधक, तितकी शेगडीची गरज कमी, हाच या हिशेबाचा सर्वांत मोलाचा लाभ होय.