तबकडी आणि तिचे श्रोते

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. वस्तू एकीकडे घडावी आणि तिची कदर दुसरीकडे व्हावी, हे प्राचीन तगर नगरीला नवे नव्हते. संगीताच्या तबकड्यांचेही कधीकधी असेच होते. मुंबईतले एक उदाहरण पाहू.

हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ मध्ये एचएमव्हीने काढली. भैरव, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांचे सूर, त्यांखाली रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या यंत्राचा अखंड ठेका आणि टीबी-३०३ चा घसरत जाणारा खर्ज, अशी तिची रचना होती. तबकडी खपली नाही. रागाच्या रसिकाला हवा असलेला संथ विस्तार तीत नव्हता आणि डिस्कोच्या चाहत्याला हवे असलेले गाणेही नव्हते.

३०३ या यंत्राची कथाही अशीच आहे. बेस गिटारची साथ देण्यासाठी केलेले हे यंत्र त्या कामात अपयशी ठरले आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या तरुणांनी त्याचे सूर मुद्दाम पिळवटून काढले आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली. त्याच दशकात गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर परदेशी तबकड्यांतील गायन कापून उरलेले संगीत कॅसेटवरून रात्रभर वाजवले जाई. तिथल्या नाचणाऱ्यांना शब्द नको होते.

२०१० मध्ये एका डच कंपनीने सिंग यांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा टेक्नो आणि हाउसवर वाढलेला श्रोता तयार होता. न थांबणारा ठेका हा त्याच्या लेखी दोष नव्हता; डीजेला तर दुसरी तबकडी जोडण्यासाठी तोच हवा असतो. उतारवयात सिंग युरोपातील रंगमंचांवर वाजवू लागले. २०१५ मध्ये ते निवर्तले.

अ‍ॅसिड हाउसचे जनक म्हणून त्यांचा गौरव झाला, तो मला पटत नाही. शिकागोत ही तबकडी पोचल्याचा पुरावा नाही. पण ‘प्रथम कोण’ या वादात महत्त्वाची गोष्ट निसटते. सूर तेच राहिले. बदलली ती जागा आणि समोरची माणसे. त्यासाठी एका मुंबईकर वादकाला अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले, याचे उत्तर आपण श्रोत्यांनीच द्यायचे आहे.