ओझरच्या सोनेरी शिखराचं अर्नाळा बेटाशी नातं काय?

अष्टविनायक यात्रेत ओझरला गेलात, तर विघ्नहराच्या देवळाचं सोनेरी शिखर लांबूनच दिसतं. दर्शन झालं की अनेकजण कुकडीकाठी, येडगाव धरणाच्या पाण्यात होडीची फेरीही मारतात. पण या शिखराची गोष्ट आपल्याला दुसऱ्याच एका होडीत नेऊन बसवते, विरारजवळच्या अर्नाळा बेटाच्या.

शिखर आणि बेट यांचा संबंध काय?

चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि त्यानंतर ओझरच्या देवळाचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्याने मढवलं, असं सांगितलं जातं. वसई पडली मे १७३९ मध्ये. पण मोहीम सुरू झाली होती १७३७ मध्ये आणि त्याच वर्षी मराठ्यांनी अर्नाळा घेतला होता.

जुन्नर आणि या किनाऱ्याचा संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. सातवाहन काळात जुन्नरहून नाणेघाट उतरून व्यापारी कल्याण-सोपारा बंदरांकडे जात. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, अर्नाळ्याच्या शेजारचंच.

एवढंसं बेट इतकं महत्त्वाचं का?

अर्नाळा वैतरणा नदीच्या मुखाशी आहे. इथून खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवता यायची. म्हणूनच आधी गुजरातचे सुलतान, मग पोर्तुगीज आणि नंतर मराठे इथे आले. बाजीराव पेशव्यांनी शंकराजी केशव यांना समुद्रात जंजिरा बांधायला सांगितल्याचा उल्लेख किल्ल्याच्या दरवाज्यावरच्या शिलालेखात आहे. जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, अर्थ बेट. म्हणजे जंजिरा फक्त मुरुडचाच नाही!

बेटावर काय पाहाल?

विरार स्टेशनहून अर्नाळा गाव साधारण १० किलोमीटरवर आहे. तिथल्या किनाऱ्यावरून होडीने काही मिनिटांत बेटावर पोहोचता येतं. उतरलं की आधी लागते कोळीवस्ती आणि वाळत घातलेली मासळी. मग किल्ल्याचा दरवाजा, त्यावरची हत्ती-वाघांची शिल्पं, आत त्र्यंबकेश्वर महादेवाचं देऊळ आणि त्याच्याजवळ अष्टकोनी तलाव. चारही बाजूंनी खारं पाणी असताना या तलावात गोडं पाणी आहे. तटबंदीवरून चालत गेलं की एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला वैतरणेचं मुख. किल्ल्यापासून थोडं लांब एकटाच उभा असलेला गोल बुरूजही चुकवू नका.

नौदलाने १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम इथे ताफ्यात घेतलेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला याच किल्ल्याचं नाव दिलंय, आयएनएस अर्नाळा.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

- भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच निघा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाणं टाळा.
- होडीत जास्त गर्दी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा. लाइफ जॅकेट मागून घ्या.
- परतीची शेवटची होडी किती वाजता आहे, हे जातानाच विचारा.
- प्यायचं पाणी सोबत न्या आणि कचरा परत आणा.
- मासळी वाळत असते तिथून चालू नका. लोकांचे आणि घरांचे फोटो विचारून काढा.

शांत बेट, पण कुणासाठी?

रीलमध्ये अर्नाळा निवांत दिसतं. पण इथे राहणाऱ्यांसाठी होडी म्हणजे सहल नाही. बाजार असो, नोकरी असो की मोठा दवाखाना, प्रत्येक वेळी मध्ये पाणी आहेच. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीत किनाऱ्याची धूप होते आणि लाटा थेट घरांपर्यंत येतात. किल्ल्याचा तट जवळपास तीन शतकं टिकला, पण काठावरच्या घरांना तसा तट नाही.

म्हणून होडीत जागा कमी असेल आणि शेजारी बाजाराच्या पिशव्या घेऊन कुणी उभं असेल, तर आधी त्यांना बसू द्या. आपण फिरायला चाललोय, ते घरी चाललेत.