जाहिरातींतील वर्णभेद व लोकक्षोभ

त्वचेचा रंग, वंश किंवा जात यांवरून माणसाला कमी लेखणाऱ्या व्यापारी जाहिराती आणि त्यांविरुद्ध उमटलेल्या लोकांच्या प्रतिक्रिया. मराठीत ‘वर्ण’ हा शब्द रंगाला लागतो आणि चातुर्वर्ण्यालाही. पाश्चात्त्य देशांत ज्याला वंशभेद म्हणतात, त्याचे आपल्याकडचे रूप म्हणूनच दुहेरी आहे. एक गोऱ्या रंगाचा सोस, दुसरी जातीची हेटाळणी. लोकांना दोन्हींचा राग आला. पण तो राग कायद्याच्या कोणत्या दारात नेऊन मांडायचा, हे दर वेळी नव्याने शोधावे लागले.

गोरेपणाच्या क्रीमचा इतिहास बराचसा मुंबईत घडला. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान लिव्हरने (आताची हिंदुस्थान युनिलिव्हर) ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आणली. जमीन आधीच तयार होती. स्थळांच्या जाहिरातींत ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘सावळी’ अशी उतरंड होती आणि मुलगी सावळी असली की ‘नाकीडोळी नीटस’ असे पुढे जोडण्याची रीत होती. ज्या समाजाने पंढरपूरच्या काळ्या विठोबाला लेकुरवाळा म्हणून घरात घेतले, त्यानेच घरातल्या काळ्या मुलीला हळद-साय लावत वाढवले. क्रीमने या जुन्या दुखण्याला किंमत लावली. महागडी ट्यूब न परवडणाऱ्यांसाठी लहान पुड्या आल्या. मग नागपुरातले मोठे दुकान असो की बुटीबोरीसारख्या एमआयडीसीच्या गावातला किराणा, दारात टांगलेल्या पुड्यांच्या माळेत शांपूशेजारी गोरेपणाही लटकू लागला.

या जाहिरातींची गोष्ट ठरलेली असे. सावळी मुलगी, अडलेले लग्न किंवा हुकलेली नोकरी, खचलेला बाप. मग क्रीम, उजळलेला चेहरा आणि उघडलेली दारे. सर्वाधिक गाजली ती हवाई सुंदरीची जाहिरात. मुलगा नसल्याची खंत करणाऱ्या बापाची सावळी मुलगी क्रीम लावून गोरी होते, विमानात नोकरी मिळवते आणि बापाचा संसार सावरते. रंगाचा अपमान आणि मुलगी असण्याचा अपमान एकाच गोष्टीत बसवलेला होता. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने नेमके यावर बोट ठेवले. कंपनीकडे केलेल्या तक्रारींनी भागेना, तेव्हा संघटना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेली. 2003 मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने या क्रीमच्या दोन जाहिरातींचे प्रक्षेपण थांबवले. समाजमाध्यमे नसलेल्या त्या काळात पत्रे, निवेदने आणि चिकाटी यांवर मिळवलेले हे यश होते. या विषयावर लिहिताना 2020 मधील क्रीमच्या नावबदलापासून सुरुवात करण्याची जी सवय पडली आहे, ती या बायकांवर अन्याय करणारी आहे.

नियम तेव्हाही होते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधील सातवा नियम वंश, जात, रंग, पंथ वा राष्ट्रीयत्व यांची टवाळी करणाऱ्या जाहिरातीस मनाई करतो. अडचण ‘टवाळी’ या शब्दात आहे. सावळ्या मुलीला कोणी शिवी देत नाही. फक्त तिला दुःखी दाखवतात. मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने (स्थापना 1985) ऑगस्ट 2014 मध्ये खास मार्गदर्शक तत्त्वे काढून ही पळवाट काही अंशी बुजवली. क्रीम लावण्यापूर्वीची व्यक्ती उदास, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये, आणि काळा किंवा गोरा रंग विशिष्ट जात, धर्म, व्यवसाय किंवा आर्थिक थराशी जोडू नये, असे त्यांत म्हटले आहे. रंग आणि जात ही दोन टोके येथे एकमेकांशी थेट जोडली गेली. परिषद मात्र उद्योगाने स्वतःच उभारलेली आहे. तुरुंग किंवा दंड तिच्या हातात नाही.

दरम्यान चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने 2009 मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम सुरू केली. 2013 मध्ये अभिनेत्री नंदिता दास तिचा चेहरा झाल्या आणि विषय घरोघरी पोहोचला. 2017 मध्ये अभिनेते अभय देओल यांनी आपल्याच क्षेत्रातील तारे-तारकांच्या क्रीमच्या जाहिराती नावानिशी पुढे आणल्या. त्याच वर्षी निव्हिया आणि डव्ह या प्रसाधनांच्या ब्रँडना वर्णभेदी म्हणून झालेल्या जगभरच्या टीकेनंतर जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. मे 2020 मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतरच्या संतापाची लाट इकडे आली, तेव्हा विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळ शोधण्याची सोय काढली, जॉन्सन अँड जॉन्सनने गोरेपणाची क्रीम बंद केली आणि 25 जून 2020 रोजी हिंदुस्थान युनिलिव्हरने ‘फेअर’ हा शब्द वगळण्याचे जाहीर केले. आठवड्याभरात ‘ग्लो अँड लव्हली’ हे नाव ठरले. डबीवरचा शब्द बदलला, डबी राहिली, असा आक्षेप लगेच घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही पंचेचाळीस वर्षे दुकानदाराकडे ज्या नावाने क्रीम मागितली, ते नाव लाजेचे ठरले, हा बदल मला लहान वाटत नाही.

जातीच्या बाजूचा ठळक प्रसंग जून 2023 चा. पर्यावरण दिनानिमित्त घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या झोमॅटो कंपनीने प्लास्टिकच्या पुनर्वापराची एक चित्रफीत काढली. तीत ‘लगान’ (2001) चित्रपटातील ‘कचरा’ या अस्पृश्य फिरकी गोलंदाजाची भूमिका केलेल्या आदित्य लाखिया यांना दिवा, कागद अशा, कचऱ्यापासून बनलेल्या वस्तूंच्या रूपात दाखवले होते. कोटी नावावर होती. पण ते नाव का पडले, हा विचार कोणी केला नव्हता. जगावे म्हणून मुलाला कचरू, धोंडू, दगडू म्हणणे ही गावाकडची माया. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावाने कचरा म्हणणे ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्राला तर हा गोलंदाज अनोळखी नाही. पुण्यात मैदानाची निगा राखता राखता मोठा झालेला, अस्पृश्य मानलेल्या समाजातला फिरकीपटू पालवणकर बाळू याला संघात बळी घ्यायला बोलावत आणि चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात देत. दिग्दर्शक नीरज घायवान यांनी मूळ पात्रच दलितांच्या अमानवीकरणाचे उदाहरण असल्याचे सांगून जाहिरातीचा निषेध केला. आंबेडकरी तरुणांचा रोष समाजमाध्यमांवर उसळला. काही दिवसांतच कंपनीने चित्रफीत काढून टाकली आणि भावना दुखावण्याचा हेतू नव्हता, असे सांगितले. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने संविधानाच्या कलम 338 खाली नोटीस काढली. रंगाच्या तक्रारीला असा संवैधानिक आयोग नाही. म्हणून तिथे बहुधा ग्राहक कायद्याची वाट धरावी लागते.

त्या वाटेवरचा एक निकाल डिसेंबर 2024 चा आहे. पुरुषांसाठीच्या ‘फेअर अँड हँडसम’ची 79 रुपयांची ट्यूब घेऊन, सांगितल्याप्रमाणे वापरूनही गोरेपणा आला नाही, म्हणून एका ग्राहकाने 2013 मध्ये तक्रार केली होती. दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने इमामी कंपनीला साडेचौदा लाख रुपये दंडात्मक भरपाई ठोठावली. आयोगासमोरचा प्रश्न जाहिरात खोटी की खरी, एवढाच होता. गोरे होणे हे वचन म्हणून विकावे का, हा प्रश्न त्या तक्रारीत कुणी विचारलेला नव्हता.